काळ भगवंताचा, कर्तव्य आपले

(कार्यकर्ते आणि त्यांचे कुटुंबीय यांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



संयोजकांनी आज मला विषय दिला आहे तो असा - ‘वारंवार येणारी संकटे आणि ईश्वरावरील विश्वास’. विषय ऐकायला सोपा, पण बोलायला अवघड आहे. संकट एकदाच आले तर मनुष्य कंबर कसून ते सोसतो. आप्तेष्ट धावून येतात, शेजारी डबा पाठवतात, शाखेतली मंडळी रुग्णालयात रात्री जागतात. तेच संकट दुसऱ्यांदा आले की येणाऱ्यांची संख्या थोडी घटते. तिसऱ्यांदा आले की घरातला कर्ता माणूस देवघरासमोर उभा राहतो आणि कोणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात विचारतो, “देवा, आता आणखी किती वेळा?”

हा प्रश्न या सभागृहातही अनेकांच्या मनात असेल. कोणाच्या घरी आठवड्यातून दोन-तीनदा डायलिसिसची फेरी आहे. कोणाचा मुलगा स्पर्धा परीक्षेच्या चौथ्या प्रयत्नातही यादीबाहेर राहिला आहे. कोणाच्या शेतात पहिली पेरणी उलटली, कर्ज काढून दुबार पेरणी केली आणि पाऊस पुन्हा दडून बसला आहे. अशा माणसासमोर उभे राहून ‘देवावर विश्वास ठेवा’ असे नुसते म्हणणे सोपे आहे. परंतु त्याला त्याचा उपयोग होतोच असे नाही.

या प्रश्नाला समाजात तीन तयार उत्तरे मिळतात. पहिले उत्तर प्रारब्धवादी आहे: नशिबात होते ते झाले, होईल ते होईल, स्वस्थ बसा. दुसरे बाजारातले आहे: ही अंगठी घाला, हा विधी करा, अमुक दिवसांत काम होईल. तिसरे उत्तर स्वतःला बुद्धिवादी म्हणवणाऱ्यांचे आहे: देव नाहीच, मग कोणावर विश्वास ठेवता? पहिले उत्तर माणसाचे हात बांधते, दुसरे त्याचा खिसा रिकामा करते आणि तिसरे त्याला एकटे पाडते. आपल्या परंपरेने दिलेले उत्तर या तिन्हींहून वेगळे आहे. ते केवळ ग्रंथांत नाही. आपल्याच मातीतल्या एका स्त्रीने ते सत्तर वर्षे जगून दाखवले आहे. ती स्त्री म्हणजे पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर.

२०२५ मध्ये त्यांच्या जन्माला तीनशे वर्षे पूर्ण झाली. त्यानिमित्त गावोगाव कार्यक्रम झाले, त्यांनी बांधलेली मंदिरे, घाट, धर्मशाळा, बारवा यांच्या याद्या आपण सर्वांनी ऐकल्या. त्या याद्यांच्या मागे दुसरी एक यादी आहे. ती फारशी वाचली जात नाही. आज मला त्या दुसऱ्या यादीबद्दल बोलायचे आहे.

आघातांची मालिका

३१ मे १७२५ रोजी आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील चौंडी या लहानशा गावी माणकोजी शिंदे या पाटलांच्या घरी त्यांचा जन्म झाला. मल्हारराव होळकरांनी ही तेजस्वी मुलगी पाहिली आणि आपले पुत्र खंडेराव यांच्यासाठी तिला सून करून घेतले. १७४५ मध्ये पुत्र मालेराव आणि १७४८ मध्ये कन्या मुक्ताबाई यांचा जन्म झाला. येथपर्यंतचा भाग सुखाचा आहे.

१७५४ मध्ये भरतपूरजवळच्या कुंभेर किल्ल्याच्या वेढ्यात तोफगोळा लागून खंडेराव पडले. अहिल्यादेवी तेव्हा एकोणतिसाव्या वर्षात होत्या. १७६१ साली पानिपत झाले. मराठी दौलतीचा कणा मोडल्यासारखे झाले. त्याच वर्षी सासूबाई गौतमाबाई गेल्या. मे १७६६ मध्ये ज्यांच्या आधारावर घर उभे होते ते मल्हारराव गेले. सुभेदारीची वस्त्रे नातवाकडे, म्हणजे मालेरावांकडे आली आणि वर्ष उलटण्याच्या आत, १७६७ मध्ये, वयाच्या बाविसाव्या वर्षी मालेरावही गेले. पुढे एकुलत्या एका मुलीचा मुलगा, ज्याच्याकडे पाहून आजीने पुन्हा आशा धरली होती, तोही ऐन तारुण्यात गेला. १७९१ मध्ये जावई यशवंतराव फणसे गेले आणि त्यांच्यामागे मुक्ताबाई सती गेली.

नवरा, सासू, सासरा, मुलगा, नातू, जावई, मुलगी. सदतीस वर्षांत घरातले एकेक दार बंद होत गेले. आणि याच सदतीस वर्षांत त्यांनी काशीचे मंदिर बांधले, सोमनाथाची पूजा पुन्हा सुरू केली, गयेचे विष्णुपद मंदिर उभारले, वेरूळच्या घृष्णेश्वराचा जीर्णोद्धार केला, महेश्वरला विणकर आणून वसवले आणि राज्य चालवले. या दोन याद्या शेजारी शेजारी ठेवून पाहा. आजच्या विषयाचे सगळे मर्म त्यांत आहे.

तेरा वर्षांची तयारी

कुंभेरच्या छावणीत अहिल्यादेवींनी सती जाण्याची तयारी केली होती. वृद्ध मल्हाररावांनी त्यांना अडवले. मुलगा गेला, आता तूही गेलीस तर या म्हाताऱ्याने कोणाकडे पाहावे, असा त्या विनवणीचा आशय होता. सती जाणे त्या काळी मानाचे समजले जाई. मागे राहणे लोकनिंदेचे. अहिल्यादेवी मागे राहिल्या. का राहिल्या? पुढे आपल्याला राज्य करायचे आहे, हे त्यांना ठाऊक होते काय? मुळीच नाही. पुत्र हयात होता, सासरे समर्थ होते. त्या क्षणी त्यांच्यासमोर इतकेच होते की, एका वृद्धाला आधार हवा आहे आणि दोन लेकरांना आई. त्यांनी तेवढे कर्तव्य उचलले.

पुढची बारा वर्षे मल्हारराव या सुनेवर एकेक जबाबदारी टाकत गेले. महसूल, पत्रव्यवहार, फौजेचा पुरवठा, सगळेच. १७६५ सालच्या एका पत्रात मल्हारराव त्यांना चंबळ ओलांडून ग्वाल्हेरकडे जाण्याबद्दल, तोफखाना आणि दारूगोळ्याची व्यवस्था करण्याबद्दल सूचना देताना दिसतात. अठराव्या शतकातला एक सेनानी आपल्या विधवा सुनेला तोफखान्याविषयी लिहितो आहे! हे शिक्षण कोणत्या दिवसासाठी चालले होते, हे शिकवणाऱ्यालाही माहीत नव्हते आणि शिकणारीलाही नाही. तो दिवस १७६७ मध्ये उगवला, तेव्हा ती तयार होती.

भगवंताची वेळ म्हणतात ती ही. ती पुढून वाचता येत नाही. मागे वळून पाहिले की तिची अक्षरे लागतात. ज्या काळात आपल्याला वाटते की काहीच घडत नाही, देव ऐकत नाही, त्याच काळात कदाचित आपला तोफखाना तयार होत असतो.

मात्र येथे एक सावधगिरीची सूचना दिली पाहिजे. ‘मालेराव गेले म्हणूनच अहिल्यादेवींना राज्य करता आले, म्हणजे देवाने ते चांगल्यासाठीच केले’ असे कोणी म्हणू लागला, तर ती श्रद्धा नव्हे, तो निष्ठुरपणा आहे. मुलगा गेलेल्या आईला असे सांगण्याचा अधिकार कोणालाही नाही. भगवंताचे हेतू ओळखल्याचा दावा करणे हाही एक अहंकारच आहे. श्रद्धेचे म्हणणे त्याहून नम्र असते. हे का झाले ते मला कळत नाही. परंतु हे झाल्यानंतरही ज्याने मला आजवर सांभाळले तो मला सोडून गेलेला नाही, एवढेच ती म्हणते.

पाचवे कारण

आपल्याकडे दैव आणि प्रयत्न यांचे भांडण लावण्याची खोड फार जुनी आहे. भगवद्गीतेने मात्र हे भांडण फार सुंदर रीतीने मिटवले आहे. अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्माच्या सिद्धीची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, निरनिराळी साधने, नाना प्रकारच्या क्रिया आणि पाचवे दैव. हा क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. दैव आहे, गीता ते नाकारत नाही. परंतु ते पाचवे आहे. त्याच्या आधीची चार कारणे जिथे काम करायचे ते स्थान, करणारा, त्याची अवजारे आणि त्याचे कष्ट यांची आहेत.

जो दैव मानत नाही, तो अपयश आले की मोडून पडतो. कारण सगळा भार त्याने स्वतःच्याच डोक्यावर घेतलेला असतो. जो फक्त दैवच मानतो, तो पहिली चार कारणे सोडून देतो आणि पाचव्याची वाट पाहत बसतो. शेतकऱ्याला हे कोणी शिकवावे लागत नाही. नांगरट, बियाणे, खत, खुरपणी हे त्याचे, पाऊस वरच्याचा. पाऊस आला नाही म्हणून त्याने नांगरटीला दोष देऊ नये, आणि पाऊस वरच्याचा आहे म्हणून नांगर टेकवूनही ठेवू नये. एका वर्षी ते पाचवे कारण जुळले नाही, दुसऱ्या वर्षीही जुळले नाही, म्हणून पहिली चार निरर्थक ठरत नाहीत. ती पुन्हा पुन्हा जुळवत राहणे, हीच खरी उपासना.

अहिल्यादेवींच्या आज्ञापत्रांवर ‘श्रीशंकर’ असे लिहिलेले असे. राज्य शंकराचे आहे, आपण त्याच्या वतीने कारभार पाहतो, असा त्याचा अर्थ. ज्या व्यक्तीची अशी धारणा आहे, ती यशाने फुगत नाही आणि आघाताने संपत नाही. राज्य माझे असेल तर माझा वारस गेल्याबरोबर सगळे संपले. राज्य शंकराचे असेल तर वारस गेला तरी शंकराचे काम उद्या सकाळी आहेच.

मार्गदर्शन कसे ओळखावे?

आता एक व्यावहारिक प्रश्न येतो. देव मार्ग दाखवतो असे आपण म्हणतो; पण तो दाखवलेला मार्ग ओळखायचा कसा? मनात उमटलेली प्रत्येक ऊर्मी काही ईश्वरी संकेत नसते. भीतीही अंतरात्म्याचा आवाज काढून बोलते, आणि लोभसुद्धा.

१७६७ चा प्रसंग पाहा. मालेराव गेल्यानंतर दौलतीचे जुने कारभारी गंगाधर यशवंत चंद्रचूड यांनी अहिल्यादेवींना सुचवले की, एखादे मूल दत्तक घ्यावे, कारभार आपल्याकडे सोपवावा आणि आपण तनख्यावर धर्मकर्मात काळ घालवावा. वरवर पाहता हा सल्ला किती सात्त्विक! शोकात बुडालेल्या, ईश्वरभक्त विधवेला सांगितले जात होते की, बाई, आता तुम्ही जप करा. दुर्बल मनाने यालाच ‘देवाची इच्छा’ मानले असते. अहिल्यादेवींनी तसे केले नाही. एका वारसाची पत्नी आणि दुसऱ्या वारसाची माता या नात्याने पुढचा निर्णय घेण्याचा अधिकार आपला आहे, असे त्यांनी बजावले. रघुनाथरावांच्या फौजा होळकरांच्या मुलखाकडे वळल्या, तेव्हा त्यांनी एकीकडे आपल्या फौजेला सज्ज केले आणि दुसरीकडे पेशवे माधवरावांकडे व अन्य सरदारांकडे पत्रे धाडली. स्त्रीशी लढून जिंकलात तर कीर्ती नाही आणि हरलात तर तोंड दाखवायला जागा नाही, असा निरोप त्यांनी रघुनाथरावांना पाठवल्याचे परंपरेने सांगितले जाते. माधवराव पेशव्यांनी त्यांचा अधिकार मान्य केला. तुकोजी होळकरांकडे फौज आणि अहिल्यादेवींकडे कारभार, अशी व्यवस्था लागली. लढाई झालीच नाही.

या प्रसंगातून मार्गदर्शन ओळखण्याच्या तीन कसोट्या हाती लागतात. पहिली - जो मार्ग सुचतो आहे तो माझ्यावर अवलंबून असणाऱ्यांचे रक्षण करणारा आहे, की केवळ माझी सुटका करणारा? प्रजेला कारभाऱ्यांच्या हाती सोडून जप करणे ही सुटका होती. दुसरी - तो मार्ग चार शहाण्या, निःस्वार्थ माणसांसमोर उघडपणे मांडता येईल काय? अहिल्यादेवींनी पत्रे लिहिली, आपली बाजू उघड ठेवली. जो संकेत गुप्त ठेवावा लागतो, त्याच्याकडे संशयाने पाहिलेले बरे. तिसरी - भावनेचा पूर ओसरल्यावरही तो टिकतो काय? देवाचा आवाज बहुधा आकाशातून येत नाही. कधी तो वृद्ध सासऱ्याच्या विनवणीतून येतो, कधी पुण्याहून आलेल्या एका उत्तरातून येतो, तर कधी आपल्याच विवेकातून. प्रार्थना आणि पत्रव्यवहार यांच्यात विरोध नाही. दोन्ही मिळून मार्ग दिसतो.

नर्मदेकाठचे तीन दिवस

कोणी म्हणेल, अहिल्यादेवी म्हणजे देवीच. त्यांना दुःख कुठले व्हायला? हा समज दूर करणारी साक्ष एका परकीयाची आहे. १८१७ मध्ये महिदपूरच्या लढाईत होळकरांच्या फौजेविरुद्ध लढलेला इंग्रज अधिकारी सर जॉन माल्कम याने पुढे माळव्यात लोकांना विचारून विचारून अहिल्यादेवींची माहिती गोळा केली आणि १८२३ मध्ये आपल्या ग्रंथात छापली. शत्रुपक्षातल्या माणसाने लिहिलेले हे चरित्र आदराने भरलेले आहे.

मुक्ताबाईने सती जाण्याचे ठरवले, तेव्हा आईने तिला परोपरीने विनवले, असे माल्कम सांगतो. मुलगी बधली नाही. सतीची प्रथा गेली ते फार चांगले झाले; आणि त्या दिवशी खुद्द अहिल्यादेवींच्या मनात काय होते ते पाहिले, तर तिचे समर्थन करण्याचे धाडस कोणाला होणार नाही. त्या चितेपर्यंत चालत गेल्या. दोघा ब्राह्मणांनी त्यांचे हात धरून ठेवले होते. ज्वाळा उठल्या तेव्हा त्यांचा धीर सुटला. सोडवता न येणारे आपले हातच त्या दातांनी चावू लागल्या. नंतर नर्मदेत स्नान करून त्या वाड्यात परतल्या. तीन दिवस त्यांनी अन्न घेतले नाही, कोणाशी एक शब्द बोलल्या नाहीत. नंतर सावरल्यावर त्यांनी गेलेल्यांच्या स्मृतीसाठी एक सुंदर वास्तू उभारण्याचे काम हाती घेतले.

बंधूंनो, हे तीन दिवस महत्त्वाचे आहेत. श्रद्धा म्हणजे डोळे कोरडे ठेवण्याची परीक्षा नाही. ज्या स्त्रीने हजारो यात्रेकरूंसाठी घाट बांधले, तिच्याही आयुष्यात तीन दिवस असे आले की बोलण्यासारखे काही उरले नव्हते. आपल्या घरी कोणी असे तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने गप्प बसले तर त्याच्या श्रद्धेवर शंका घेऊ नये. श्रद्धेची ओळख चौथ्या दिवशी पटते. मनुष्य आपल्या दुःखातून काही घडवू पाहतो, की त्याच्याभोवती कडवटपणाची भिंत बांधतो, ते तेव्हा दिसते.

माल्कमनेच त्यांची दिनचर्याही नोंदवली आहे. पहाटेपूर्वी उठणे, पूजा, धर्मग्रंथांचे श्रवण, दानधर्म, साधे भोजन; दुपारी दोनच्या सुमारास दरबार, तो संध्याकाळी सहापर्यंत; पुन्हा दोन-तीन तास पूजाअर्चा आणि फराळ; रात्री नऊला पुन्हा कामकाज, ते अकरापर्यंत. कोणते संकट येईल हे आपल्या हातात नाही. परंतु पहाटे उठून काय करायचे हे आपल्या हातात आहे. वर्षानुवर्षे पाळलेला हा नेमच आघाताच्या दिवशी माणसाला धरून ठेवतो. संकट आल्यावर श्रद्धा शोधायला निघणारा उशिरा निघालेला असतो.

एकशे अकरा वर्षे

आता मंदिरांकडे वळू. काशी विश्वनाथाचे मंदिर औरंगजेबाच्या काळात १६६९ मध्ये पाडले गेले. ते पुन्हा उभे राहावे ही हिंदू समाजाची पिढ्यान्‌पिढ्यांची वेदना होती. मल्हाररावांच्याही मनात ती इच्छा होती; १७४२ च्या सुमारास त्यांनी तसा मनोदय केलाही होता; पण परिस्थिती अनुकूल नव्हती. १७६६ मध्ये मल्हारराव गेले, इच्छा तशीच राहिली. १७८० मध्ये त्यांच्या सुनेने विश्वेश्वराचे नवे मंदिर उभारले. मूळ जागेवर नव्हे, तिच्या शेजारी. मंदिर पाडले गेल्यापासून एकशे अकरा वर्षे लोटली होती.

सोमनाथाचीही तीच कथा. गझनीच्या महमुदाने इ. स. १०२६ मध्ये ते लुटले, त्यानंतरही शतकानुशतके ते पाडले जात राहिले आणि समाज ते पुन्हा उभारत राहिला. १७८३ मध्ये अहिल्यादेवींनी भग्न मंदिरापासून थोड्या अंतरावर नवे मंदिर बांधले आणि शिवलिंग भूमीखालच्या गाभाऱ्यात स्थापले. काळ धोक्याचा होता, म्हणून देव जमिनीखाली ठेवला. पण पूजा खंडित ठेवली नाही.

येथे अहिल्यादेवींची दृष्टी दिसते. ‘मूळ जागा मिळेल तेव्हाच बांधू, काळ पूर्ण अनुकूल होईल तेव्हाच बांधू’ असे त्या म्हणाल्या असत्या तर आणखी दीडशे वर्षे पणती लागली नसती. आणि ‘आता सगळे संपले, देवालाच नको आहे’ असे म्हणाल्या असत्या तरीही लागली नसती. आजच्या परिस्थितीत जेवढे शक्य आहे तेवढे आज करायचे. उरलेले काळाच्या स्वामीकडे सोपवायचे. सोमनाथाच्या मूळ स्थानी भव्य मंदिर उभारण्याचा संकल्प सरदार पटेलांनी नोव्हेंबर १९४७ मध्ये सोडला. ११ मे १९५१ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते तेथे प्राणप्रतिष्ठा झाली. अहिल्यादेवींच्या मंदिरानंतर एकशे अडुसष्ट वर्षांनी. आणि ज्यांनी संकल्प सोडला ते सरदार तो दिवस पाहू शकले नाहीत. १५ डिसेंबर १९५० रोजीच ते गेले होते. काशीत १३ डिसेंबर २०२१ रोजी विश्वनाथ धामाचे लोकार्पण झाले, तेव्हा त्या परिसरात अहिल्यादेवींची मूर्ती बसवण्यात आली.

मल्हाररावांनी काशीचे मंदिर पाहिले नाही. सरदारांनी सोमनाथाची प्राणप्रतिष्ठा पाहिली नाही. अहिल्यादेवींना स्वतःच्या वंशाचा दिवा पाहायला मिळाला नाही. म्हणून त्यांची प्रार्थना वाया गेली काय? भगवंताचे पंचांग आपल्या आयुष्याच्या मापाने छापलेले नसते. आपण ज्याला विलंब म्हणतो, तो कित्येकदा फक्त आपल्या आयुष्याच्या लांबीचा प्रश्न असतो.

तारीख नसलेली प्रतीक्षा

हे सारे राजेरजवाड्यांचे झाले, आमच्यासारख्यांचे काय, असे कोणी विचारील. या सभेत पांढऱ्या केसांची काही मंडळी बसली आहेत. त्यांनी २५ जून १९७५ नंतरचे दिवस पाहिले आहेत. संघावर बंदी आली, सरसंघचालक बाळासाहेब देवरस येरवड्यात स्थानबद्ध झाले, येरवडा आणि नाशिक रोडचे तुरुंग कार्यकर्त्यांनी भरले. मिसाखाली पकडलेल्यांना शिक्षा झालेली नव्हती. म्हणून सुटकेची तारीखही नव्हती. शिक्षा झालेला कैदी दिवस मोजू शकतो. येथे मोजायला काही नव्हते. आज आपण सहज म्हणतो की आणीबाणी एकवीस महिने चालली. १९७६ च्या दिवाळीत ज्या घरात वडील नव्हते, त्या घरातल्या आईला हा एकवीसचा आकडा ठाऊक नव्हता. तिला वाटत होते, कदाचित पाच वर्षे, कदाचित दहा. तरीही तिने मुलांची शाळा चुकवली नाही, सासू-सासऱ्यांची औषधे चुकवली नाहीत, संध्याकाळची शुभंकरोती चुकवली नाही. इतिहासात तिचे नाव नाही. पण अहिल्यादेवींच्या वाटेवरच ती चालत होती. तारीख ठाऊक नसताना रोजचा नेम न चुकवणे, यालाच मी ईश्वराच्या वेळेवरचा विश्वास म्हणतो.

आपल्या घरात

अखेरीस घरी नेण्यासारख्या काही गोष्टी सांगतो.

पहिली. देवाशी सौदा करू नये. ‘मुलगा पास झाला तर इतके देईन’ ही प्रार्थना नव्हे, व्यवहार आहे, आणि व्यवहार फसला की माणूस देवाला ठकवणारा म्हणू लागतो. अहिल्यादेवींनी मंदिरे बांधली ती पुत्र परत मिळावा म्हणून नव्हेत. त्यांनी हा खर्च आपल्या खासगीतून केला, राज्याच्या महसुलातून नाही. आणि बदल्यात काही मागितल्याचे दिसत नाही.

दुसरी. ‘असे का झाले?’ हा प्रश्न मनात येणारच. त्याला येऊ द्यावे, पण त्याच्या मागून लगेच दुसरा प्रश्न विचारावा, ‘आज माझ्या वाट्याचे काम कोणते?’ पहिल्या प्रश्नाचे उत्तर कदाचित या जन्मी मिळणार नाही. दुसऱ्याचे उत्तर बहुधा समोरच्या खोलीत असते: औषधाची वेळ, मुलाचा अभ्यास, उद्याचा अर्ज, पुन्हा एकदा करायची पेरणी. आणि वारंवार अपयश येत असेल तर तीच वाट तशीच चालत राहणे हेही काही श्रद्धेचे लक्षण नाही. काशीत मूळ जागा मिळाली नाही तेव्हा शेजारची जागा निवडली गेली. चार प्रयत्नांनंतर परीक्षा बदलणे, पीक बदलणे, डॉक्टरांचे दुसरे मत घेणे यात पराभव मानू नये. मार्ग बदलूनही संकल्प टिकतो.

तिसरी गोष्ट कार्यकर्त्यांसाठी. ज्याच्या घरी आघात झाला आहे, त्याला तत्त्वज्ञान सांगायला जाऊ नका. ‘देवाची इच्छा’ हे शब्द ज्याचे दुःख आहे त्याने उच्चारले तर ती भक्ती असते; दुसऱ्याने त्याला ऐकवले तर ते बहुधा आपली जबाबदारी झटकणे असते. तिसऱ्या वेळीही डबा घेऊन जा. चौथ्या वेळीही रुग्णालयात जागा. देव मदत पाठवतो असे आपण म्हणतो. ती कोणाच्या पायांनी चालत येणार आहे, याचाही कधी विचार करावा.

अहिल्यादेवींची स्तुती करणारा एक ग्रंथ एका विद्वानाने त्यांना वाचून दाखवला, तेव्हा त्यांनी तो नर्मदेत टाकून देण्यास सांगितले, अशीही नोंद माल्कमने केली आहे. जे शंकराचे आहे त्याचे श्रेय आपण घेऊ नये, ही त्यांची भूमिका. १३ ऑगस्ट १७९५ रोजी महेश्वरी त्यांनी देह ठेवला. पाठीमागे पोटचे कोणी नव्हते. परंतु काशीला जाणारा यात्रेकरू, मग तो तमिळ असो, बंगाली असो वा मराठी, ज्या मंदिरात विश्वनाथाला बेल वाहतो ते मंदिर त्यांनी बांधलेले आहे. देवाने त्यांना त्यांचे घर परत दिले नाही. साऱ्या देशाने त्यांना माता म्हटले. ही भरपाई होती असे मी म्हणणार नाही, कारण आईच्या दुःखाची भरपाई होत नसते. ते त्यांच्या कर्तव्याचे फळ होते, आणि ते कधी, कोणत्या रूपाने द्यायचे हे त्यांनी भगवंतावर सोपवले होते.

काळ भगवंताचा आहे. उद्याची सकाळ मात्र त्याने आपल्या हाती दिली आहे. ती वाया जाऊ न देण्याची बुद्धी आपल्या सर्वांना मिळो, अशी प्रार्थना करतो आणि माझे बोलणे संपवतो.

भारतमाता की जय!